गुरुजींचा निरोप वस्तीपर्यंत आला पाहिजे!

पालकसभा भर दुपारी भरते. सभेला जावे तर दिवसाची मजुरी बुडते. निरोप मोबाईलवर येतो, तो मुलाच्या आईपर्यंत पोहोचत नाही. मग गुरुजी म्हणतात, ‘या लोकांना आस्थाच नाही.’ हा आरोप आम्हाला मान्य नाही.

आमच्या माहितीतल्या एका शाळेच्या बाई महिन्यातून एकदा सायंकाळी वस्तीतल्या विहारात येतात. कोण वाचू लागले, कोणाचा हातचा चुकतो, कोण गप्प बसते, हे आयांना तोंडी सांगतात. आया त्यांचे उपकार मानतात. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पालकांना भेटून मुलाची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसत. आज गोणपाट गेले. मागचा बाक आहे. आपले मूल कोठे बसते, हे आईला कळलेच पाहिजे. बांधवांनो, ‘सभा सायंकाळी घ्या’ असा लेखी अर्ज समितीकडे द्या आणि पोच घ्या!