पावसाळ्यांत मधमाश्यांस साखरेचा गोळा

१९३४ सालीं वर्धेस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें जे उद्योग हातीं घेतले, त्यांत मधमाशीपालनही होतें. आपल्याकडे पेटी ठेवणाऱ्यास खरी चिंता असते ती आषाढ-श्रावणांतील. पावसाची झड लागली म्हणजे माश्यांस बाहेर पडतां येत नाहीं, सांठा सरतो, आणि सातेरी माशी उपाशी राहण्यापेक्षां पेटी सोडून जाते.

अशा वेळीं काटकसर म्हणून आम्हीं एकदां गुळाचें पाणी ठेविलें. माश्यांस हगवण लागली, चौकटी डागाळल्या व अर्धी वसाहत गेली. गुळांतील मळी व क्षार माशीस सोसत नाहींत. पांढरी साखरच द्यावी. साखरेचा पाक चालतो, पण दमट हवेंत तो लवकर आंबतो. म्हणून घट्ट गोळा बरा.

साखर घरींच बारीक दळावी, कारण बाजारच्या पिठीसाखरेंत पुष्कळदां मक्याचें पीठ असतें. चार भाग साखरेंत सुमारें एक भाग कोमट मध थोडा थोडा घालून पुरीच्या कणकेसारखें घट्ट मळावें. मध आपल्याच निरोगी पेटींतला घ्यावा. विकतच्या मधांतून अळ्यांचा रोग शिरूं शकतो. गोळा चपटा करून कागदावर, चौकटींच्या माथ्यावर ठेवावा, आणि तोही सायंकाळीं. दिवसा शेजारच्या पेट्यांतील माश्या लुटीस येतात.

कपाशीस फूल येऊं लागलें कीं उरलेला गोळा काढून घ्यावा. नाहीं तर साखर मधांत उतरते व घेणाऱ्याची फसवणूक होते.