एक दिवस, एक गोष्ट
शिरूर अनंतपाळात पोरांना गोष्टी वाचून दाखवायच्यात, पण पुस्तकं कुठून आणायची? घ्या, फुकटात सोय आहे! ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा प्रकाशन संस्थेनं ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनीच, ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. मराठी गोष्टी मोबाइलवर वाचा, उतरवून घ्या, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा. परवाना खुला आहे. लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवा. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत पानाला एक-दोन सोपी वाक्यं, बाकी चित्रच. माझ्या मते पाचवीतल्या अडखळणाऱ्या पोरालाही आधी हेच द्यावं. त्यांच्याच ‘वन डे वन स्टोरी’ उपक्रमात साक्षरता दिनाच्या सुमारास देशभरचे स्वयंसेवक एकच गोष्ट आपापल्या भाषेत वाचून दाखवतात. आपल्याकडं पारावर दहा पोरं जमली तरी पुष्कळ. फक्त वाचताना चित्रं त्यांच्याकडं धरा, बरं का!