भुईकोटातली बारा डोकी

नगरचा भुईकोट किल्ला पाहायला गेलात तर नेत्यांच्या खोल्यांपाशी जरा जास्त वेळ थांबा. ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीतल्या बारा जणांना इथे आणून कोंडलं. वल्लभभाई पटेल सर्वांत वडील, सदुसष्टीला टेकलेले. बाकीचे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. सुटका कधी, कुणालाच ठाऊक नाही. एरवी या वयात, अशा कोंडवाड्यात माणसाचं डोकं गंजून जायचं. इथे उलटंच घडलं.

नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची हजारभर पानं हातानं लिहून काढली. आचार्य नरेंद्र देव दम्यानं हैराण, तरी वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ फ्रेंचमधून हिंदीत आणत होते. मौलाना आझाद आपल्या पत्रांत अरबी, फारसी, उर्दू शेर आठवणीतून पेरत होते. भाषा तरी किती! संस्कृत, पाली, बंगाली, तेलुगू, सिंधी, ओडिया, गुजराती. मराठीसाठी शंकरराव देव. कुठे अडलं तर विचारायला पलीकडच्या खोलीत जाणकार हजर.

असं डोकं चालतं ठेवून जे साठतं, त्याला आज मेंदूचे अभ्यासक राखीव क्षमता म्हणतात; मी गंगाजळी म्हणेन. काही म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत, मृत्यूनंतर तपासल्यावर, अल्झायमरच्या खुणा स्पष्ट दिसल्या. जिवंतपणी मात्र त्यांचं भान शाबूत होतं. आयुष्यभर शिकून, बोलून, झटून साठवलेल्या जोडण्या अशा वेळी कामी येतात, एक वाट बुजली तर मेंदू दुसरी धरतो, असं मानलं जातं.

याचा एक मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं: शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक दिसला. म्हणजे नगरच्या कापड बाजारात घरी मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि शेजारच्या दुकानदाराशी हिंदी बोलणारे आजोबा गादीवर बसल्या बसल्या गंगाजळीत भर घालत असतात. वर्तमानपत्रातलं तेच ते शब्दकोडं सोडवण्यापेक्षा मी तरी नातसुनेची भाषा शिकेन. वयाची सबब नको: पटेलांनी १९३२ मध्ये, ५७ व्या वर्षी, येरवड्याच्या तुरुंगात पं. सातवळेकरांच्या पाठांवरून संस्कृत शिकायला घेतलं होतं.

अर्थात नुसत्या डोक्यानं भागत नाही. रक्तदाब, साखर आणि ऐकू कमी येणं, तिन्ही मेंदूला पोखरतात. कानाचं यंत्र लावायला लाजू नये. आणि चालावं. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला.

किल्ल्यातही डोक्याच्या जोडीला अंगमेहनत होती: नेहरू भर उन्हात तासन्‌तास वाफे खणत. जमीन दगडगोट्यांची, जुन्या इमारतींच्या राडारोड्याची. एकदा खणता खणता गाडलेली भिंत लागली आणि तिच्यावर कोरलेलं दगडी कमळ वर आलं.