मॅक्रो भिंग कसें पारखावें ?

पदार्थविज्ञानाच्या तासाला बहिर्गोल भिंगाची जी आकृति तुम्ही वहींत काढतां, तिच्याखालची एक ओळ बहुतेकांना पाठ असते : वस्तु नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेविली असतां तिची प्रतिमा पलीकडे तितक्याच अंतरावर पडते, व ती उलटी, वास्तव आणि वस्तूएवढ्याच आकाराची असते. परीक्षेपुरती लिहून सोडून दिलेली ही ओळच मॅक्रो छायाचित्रणाचें मूळ होय. ज्या भिंगाच्या योगें मुंगीची प्रतिमा कॅमेऱ्यांतील सेन्सरवर मुंगीएवढीच पडूं शकते त्यास मॅक्रो भिंग म्हणावें असा संकेत आहे, आणि या प्रमाणास एकास एक असें म्हणतात. परंतु दुकानांत गेल्यावर अशीं पांच-सहा भिंगें समोर येतात. किंमती भिन्न, जाहिरातींतील स्तुति मात्र एकसारखी. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरून बसलेली, आणि पैसे नेमके कशासाठीं द्यावयाचे हेंच वडिलांना कळत नाहीं, असा प्रसंग येतो. रक्कमहि लहान नसते. पुष्कळ घरांत ती वर्षाच्या पुस्तकांच्या खर्चाहून मोठी भरते. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा येथें करावयाचा आहे.

प्रथम ‘मॅक्रो’ या शब्दाबद्दलच सावध असावें. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचें साधें भिंग वस्तूच्या सुमारें ४५ सेंटिमीटरांहून अधिक जवळ नेतां येत नाहीं, व तेथें प्रतिमा वस्तूच्या सुमारें एक सप्तमांश पडते. एक सेंटिमीटर लांबीचा मुंगळा त्यांत दीड मिलिमीटराचा होतो. आणि मोठ्या सेन्सरची रुंदी तर ३६ मिलिमीटर! तोच मुंगळा एकास एक प्रमाणांत रुंदीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक जागा व्यापतो, आणि मग त्याच्या पायांवरील लव व मिशांचे सांधे दिसूं लागतात. कित्येक झूम भिंगांवर मॅक्रो हा शब्द ठळक छापलेला असतो, पण त्यांचें प्रमाण एकास तीन किंवा एकास चार एवढेंच असतें. दुकानदारास शब्द विचारूं नये, आंकडा विचारावा.

या भिंगांचा इतिहास फार लांबचा नाहीं. जर्मन यंत्रज्ञ हाइन्त्स किलफिट यांचें ४० मिलिमीटरचें ‘माक्रो-किलार’ १९५५ सालीं निघालें. पुढच्याच वर्षीं जपानच्या निकॉन कंपनीनें ‘मायक्रो-निकॉर’ हें ५ सेंटिमीटरचें भिंग काढलें. त्याचा हेतु फुलें किंवा किडे टिपणें हा नसून दस्तऐवजांच्या सूक्ष्मफिती करणें हा होता. जपानी लिपींतील कांजी अक्षरें बारीक रेघांनीं गजबजलेलीं असतात. तीं फितीवर लहान झाल्यावर रेघेंत रेघ मिसळूं नये इतकी स्पष्टता त्यास हवी होती. मॅक्रो भिंगांची तीक्ष्णतेबद्दलची कीर्ति अशा कामांतून वाढली आहे. पण कागद सपाट असतो; त्याच्या पुढें-मागें चित्रांत कांहींच येत नाहीं. फुलाच्या पुढें-मागें मात्र सर्व रान असतें, आणि तें रान भिंग कसें दाखवितें हा प्रश्न कागद टिपणाऱ्यास कधीं पडत नाहीं.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं अंतराचा विचार उरकून घेऊं. वहींतल्या आकृतीप्रमाणें १०० मिलिमीटरचें साधें भिंग एकास एक प्रतिमा देतांना वस्तु व प्रतिमा यांत ४० सेंटिमीटरांचें अंतर पडावयास हवें. आजच्या भिंगांत आंतल्या कांचा सरकत असल्यामुळें जवळ येतांना त्यांचें नाभीय अंतर थोडें घटतें, व हें अंतर सुमारें ३० सेंटिमीटरांवर येतें. त्यांतून कॅमेऱ्याची जाडी व भिंगाची लांबी वजा केली कीं भिंगाच्या तोंडापासून किड्यापर्यंत १३-१४ सेंटिमीटर उरतात. ६० मिलिमीटरच्या भिंगास पांच ते नऊ सेंटिमीटरच उरतात. १८० मिलिमीटरच्या भिंगास जवळजवळ वीतभर जागा मिळते. पहिलें नाणीं, तिकिटें, शंख-शिंपले यांस उत्तम; परंतु चतुरापुढें तें धरलें कीं चतुर उडालाच, आणि न उडाला तर भिंगाचीच सावली त्याच्यावर पडते. तिसरें जड व महाग. विद्यार्थ्यासाठीं आमचा कौल ९० ते १०५ मिलिमीटरच्या भिंगास आहे. कासच्या पठारावर सीतेची आसवें किंवा दंवबिंदूसारखीं इवलीं फुलें टिपावयाचीं झाल्यास याचा आणखी एक उपयोग असा कीं, चार पावलें पुढें जाऊन शेजारचीं दहा फुलें तुडवावीं लागत नाहींत. किडा हलूं नये म्हणून त्यास शीतकपाटांत कोंडून मग त्याचें चित्र घेण्याची युक्ति कांहीं जण सांगतात, ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. आणि तिची गरजहि नाहीं. पहांटेच्या गारठ्यांत चतुर व फुलपाखरें आपण होऊनच जड होऊन बसलेलीं असतात. लवकर उठणें तेवढें अवघड !

आतां तीक्ष्णता. जाहिरातींत सर्वांत मोठा गाजावाजा हिचाच असतो, आणि आमच्या मतें खरेदी करतांना सर्वांत कमी काळजी हिचीच करावी. कां तें पहा. भिंगाच्या छिद्रावर एफ/११ असा आंकडा लावला म्हणजे छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या अकराव्या हिश्शाएवढा झाला. पण एकास एक प्रमाणांत प्रतिमा नेहमींपेक्षां दुप्पट दूर पडते; त्यामुळें तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो व एफ/११ चें वर्तन एफ/२२ सारखें होतें. एवढें करूनहि स्पष्ट दिसणारा थर सव्वा मिलिमीटराच्या आसपासच जाड असतो. मुंगळ्याचा डोळा स्पष्ट, तर त्याचे मागचे पाय धुक्यांत ! छिद्र याहून लहान केलें तर थर किंचित् वाढतो, परंतु प्रकाशकिरण लहान छिद्राच्या कडेवरून वळून पसरतात. एफ/२२ सारख्या त्या स्थितींत एका बिंदूचा ठिपका सुमारें ०.०३ मिलिमीटर रुंद होतो, आणि आजच्या सेन्सरवरील एकेक पेशी तर ०.००५ मिलिमीटरच्या सुमाराची असते. दोन चांगल्या भिंगांमधील तीक्ष्णतेचा जो भेद परीक्षकांच्या तक्त्यांत दिसतो, तो या ठिपक्यांत बुडून जातो. म्हणजे ज्या गुणासाठीं आपण जास्त पैसे मोजावे असा आग्रह होतो, तो गुण प्रत्यक्ष कामाच्या वेळीं बहुधा सारखाच ठरतो.

मग उरतें काय ? स्पष्ट थर सव्वा मिलिमीटराचा, आणि बाकीचें सारें चित्र धूसर. तेव्हां त्या धूसर भागाचा पोत कसा आहे, हीच खरी निवड होय. छायाचित्रकार या पोतास जपानी शब्दानें ‘बोके’ म्हणतात. आमच्या कौलांवर रात्रीं भांडणाऱ्या बोक्यांशीं त्याचा संबंध नाहीं. फोकसबाहेरचा प्रत्येक तेजस्वी बिंदु चित्रांत एक चकती होऊन पडतो. या चकतींत प्रकाश कसा वांटला गेला आहे यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. प्रकाश सर्वत्र सारखा असेल तर धूसर भाग शांत व निर्विकार दिसतो. चकतीच्या कडेवर जर तो अधिक सांठला असेल, तर मागच्या गवताच्या एका पात्याचीं दोन पातीं दिसतात, फांद्या दुहेरी होतात, आणि डोळा फूल सोडून त्या गोंधळाकडे धांवतो. उलट कडेकडे तो हळूहळू विरत गेला असेल, तर पार्श्वभूमि ओल्या कागदावर जलरंग पसरावे तशी वितळते.

याचें कारण गोलीय विपथन. भिंगाच्या मध्यांतून व कडेंतून जाणारे किरण एकाच बिंदूंत न मिळणें हा तो दोष. शाळेंतहि याचें नांव तुम्ही ऐकिलें असेल. गंमत अशी कीं हा दोष रचनाकारानें किंचित् शिल्लक ठेविला तर मागची धूसरता मऊ होते, मात्र पुढची तितकीच कठीण व कंगोरेदार होते. दोष गरजेपेक्षां जास्त सुधारला तर मागची बिघडते व पुढची मऊ होते. दोन्ही बाजूंना एकदम मऊपणा देणें सामान्य भिंगास जमत नाहीं. फुलाच्या मागेंच बहुधा रान असतें, म्हणून मागची बाजू ज्याची मऊ तें भिंग निवडावें. कॅननच्या २०२१ सालच्या १०० मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगावर तर हा दोष हवा तसा वाढविण्या-घटविण्यासाठीं एक निराळें कडेंच दिलें आहे. यावरून रचनाकारहि त्यास नुसता दोष समजत नाहींत हें उघड आहे. याखेरीज छिद्राचीं पातीं मोजून पहावीं. पांच-सहा सरळ पात्यांच्या छिद्रांतून दंवाचे थेंब पंचकोनी-षट्‌कोनी उमटतात. नऊ वळणदार पात्यांचे वर्तुळाजवळ जातात. कांहीं भिंगांतील साच्यांत दाबून घडविलेल्या कांचांमुळें चकतींत कापलेल्या कांद्यासारखीं वलयें दिसतात, तींहि पहावयास विसरूं नये.

रंगांची बाजू वेगळी. तांबडे व निळे किरण एकाच अंतरावर जुळले नाहींत तर फोकसच्या पुढील वस्तूंना जांभळट व मागील वस्तूंना हिरवट किनार येते. पितळी भांडें, चांदीची जोडवीं, ओल्या पानावरचें ऊन, असें कांहीं चित्रांत असेल तर ही किनार फार डोळ्यांत भरते, आणि धूसर भागांतून ती संगणकावर पुसणें सोपें नसतें. महाग भिंगाचे जादा पैसे सार्थकीं लागतात ते आमच्या मतें येथें.

हें सर्व पारखण्यास प्रयोगशाळा नको. तुमच्या दप्तरांतील ३० सेंटिमीटरची मोजपट्टी पुरे. ती टेबलावर सपाट ठेवून कॅमेरा तिच्याकडे तिरपा धरावा, छिद्र पूर्ण उघडावें, आणि १५ च्या आंकड्यावर फोकस करून चित्र घ्यावें. अलीकडच्या रेघा जांभळट व पलीकडच्या हिरवट दिसतात काय, आणि रेघ पुसट होतांना नुसती विरते कीं दुहेरी होते, हें पडद्यावर मोठें करून पाहिलें कीं पुरेसा उलगडा होतो. दुसरें चित्र फुलाचें घ्यावें, पण त्यामागें दोन हातांवर गणपतींतली दिव्यांची माळ लावून. शब्दांत जें सांगतां येत नाहीं तें त्या दिव्यांच्या चकत्या सांगतात. दुकानदार कुरकुरेल, पण एवढी रक्कम देणारास दहा मिनिटें मागण्याचा हक्क आहे.

ज्यांस मोडी कागद, जुनीं तिकिटें अथवा नाणीं टिपावयाचीं आहेत त्यांनीं वरील बरेचसें विसरावें. त्यांस सपाट क्षेत्र हवें, म्हणजे मध्य व चारहि कोपरे एकदम स्पष्ट. वर्तमानपत्राचें पान भिंतीवर ताणून लावून त्याचें चित्र घेतलें असतां कोपऱ्यांतील अक्षरें लगेच साक्ष देतात. किड्यांच्या जाति ओळखण्यासाठीं चित्रें जमविणाऱ्यासहि सौंदर्यापेक्षां स्पष्टता अधिक मोलाची. आणि आईचा चेहरा टिपावयाचा असेल तर नुसतें तीक्ष्ण मॅक्रो भिंग वापरतांना जपावें. तें प्रत्येक सुरकुती मोजून दाखवितें, आणि तें चित्र घरांत कोणी भिंतीवर लावूं देत नाहीं. टॅमरॉनच्या ९० मिलिमीटरच्या भिंगाची १९७९ पासूनची परंपरा अशी कीं फूल आणि चेहरा दोन्ही त्यास साधतात, व तें त्याच्या मऊ पार्श्वभूमीमुळेंच. मूळचें तें एकास दोन प्रमाणाचें होतें. एकास एकचें पुढें आलें.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुलाची आवड टिकेल कीं नाहीं याची शंका असेल तर आधीं पोकळ कडीं घ्यावीं. यांत कांच नसते. भिंग सेन्सरपासून दूर नेणें एवढेंच त्यांचें काम. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें २५ मिलिमीटरचीं कडीं लावलीं कीं एकास दोन, आणि ५० मिलिमीटरचीं लावलीं कीं एकास एक. नव्या मॅक्रो भिंगाच्या मानानें त्यांची किंमत किरकोळ असते. अंतर फार थोडें उरतें व प्रकाश कमी पडतो हें खरें, परंतु एक पावसाळाभर या कड्यांवर मुलगा टिकला तर पुढील खर्चास हरकत घेऊं नये.

जुनें भिंग घेतांना आपल्या हवेचा विचार अवश्य करावा. कोंकणांत व मुंबईच्या दमट हवेंत पावसाळ्याचे चार महिने कपाटांत पडून राहिलेल्या भिंगाच्या आंत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते व कांचेवरील लेप खाऊन टाकते. बाहेरून भिंग लखलखीत दिसतें. छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरी धरावी आणि पुढून तिरपें पहावें. पांढरट तंतु किंवा धुकें दिसलें तर किंमत कितीहि उतरली तरी घेऊं नये. स्वतःचें भिंग हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें, पुड्या ओल धरून रंग बदलूं लागल्या कीं मंद आंचेवर सुकवून पुन्हां वापराव्या, आणि श्रावणांत ऊन पडेल त्या दिवशीं भिंग बाहेर काढून दोन-चार चित्रें घ्यावीं. वापरांतल्या भिंगास बुरशी सहसा धरत नाहीं.