नागीण आणि घरातली माणसे

आमच्या आत्याबाईंच्या उजव्या बरगडीखाली प्रथम नुसती आग होऊ लागली, आणि तिसऱ्या दिवशी पाणीदार फोडांचा पट्टा पाठीकडून पोटाकडे उमटला, तेव्हा शेजारच्या वृद्धेने काव उगाळून लावण्यास सांगितले आणि नागिणीचे तोंड शेपटीस मिळाले की माणूस वाचत नाही, अशी ताकीदही दिली. त्या रात्री आत्याबाई वेदनेपेक्षा धास्तीनेच अधिक जागल्या. पट्ट्याचे टोक कोठवर आले, हे पाहण्यासाठी त्यांनी दोनदा आरसा मागितला.

वस्तुतः बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी कित्येक दशके सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती क्षीण झाली की नागिणीच्या रूपाने पुन्हा जागा होतो, हे अनुमान इंग्लंडमधील कुटुंबवैद्य एडगर होप-सिम्पसन यांनी १९६५ साली मांडले व पुढे ते खरे ठरले. विषाणू एका बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येत असल्याने पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबतो. विळख्याच्या भयास आधार नाही.

भय धरावयाचे ते मुदत टळण्याचे. फोड उमटल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर किंवा तत्सम औषध सुरू करणे इष्ट असते, आणि नेमके तेच तास लेपांत व मंत्रांत खर्ची पडतात. फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. तेथे हयगय दृष्टीस मुकवू शकते.

फोडांतील पाणी लागल्याने दुसऱ्यास नागीण होत नाही. मात्र ज्यास कांजिण्या आलेल्या नाहीत व लसही टोचलेली नाही, त्यास कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत गरोदर स्त्री, तान्हे मूल आणि कर्करोगावर उपचार घेणारा यांस दूर ठेवावे. आमच्या घरी सून गरोदर होती आणि आपणांस कांजिण्या आल्याचे तिला स्मरत नव्हते. तिला तत्काळ डॉक्टरांकडे नेले, आणि शुश्रूषा मी पत्करली, कारण मला त्या शाळकरी वयातच येऊन गेल्या होत्या. अंग हलक्या हाताने टिपावे, फोड फोडू नयेत, त्यांवर न चिकटणारी पट्टी ठेवावी, टॉवेल निराळा असावा आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत, एवढाच तो बंदोबस्त. पन्नाशीनंतर प्रतिबंधक लसीविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

वेदनेची मात्र घरच्यांनी पुरेशी दखल घेतलीच पाहिजे. कातडी बरी झाल्यावरही मज्जातंतूची कळ महिनोन्महिने राहू शकते आणि तिच्यावर स्वतंत्र इलाज असतो. आत्याबाईंच्या खपल्या दहाव्या दिवशी वाळल्या, पण आजही पदर खोचताना त्या क्षणभर श्वास रोखतात.