तारली कुठे जाते?

पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र ढवळून निघतो. किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, डायटम ही सूक्ष्म शैवालं फोफावतात आणि तारली ही मासळी विणीला लागते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ बलकाची शिदोरी जेमतेम दोन-तीन दिवसांची. तेवढ्यात खाद्य मिळालं नाही, तर थवेच्या थवे नाहीसे होतात. म्हणून पुढच्या हंगामाचं भवितव्य मुख्यतः समुद्राच्या हाती असतं, असं मला वाटतं. केरळात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन तारली मिळाली, २०२१ मध्ये जेमतेम साडेतीन हजार टन. मधल्या २०१५ च्या एल निनोने पाणी तापवलं होतं.

यावर कोणी म्हणेल, दोष पर्ससीन जाळ्यांचा. तो आहेच, पण १९४० च्या दशकात, यांत्रिक नौका येण्याआधीही, तारली अशीच आटली होती आणि मद्रास सरकारने १९४३ मध्ये मासेमारीवर निर्बंध घातले होते. मात्र तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. समुद्र रुसलेल्या वर्षी अंड्यांवर आलेली मादी आणि बोटभर पिल्लं उपसली, तर साठा सावरायला पिढीच उरत नाही. त्यामुळे जून-जुलैची मासेमारीबंदी कोकणात काटेकोर पाळली जायलाच हवी.