अतिदक्षता विभागानंतरचे स्नायुदौर्बल्य

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात कोविडचा पुन्हा उद्रेक झाला. अशा आजारातून वाचून मोर्शीस परतलेल्या रुग्णाला उकिडवे बसून उठणेही अवघड जाऊ शकते. हे केवळ अंथरुणास खिळल्याचे फळ नव्हे; शरीरव्यापी दाहाने स्नायू व मज्जातंतू दोन्ही क्षीण होतात. स्नायुबलाच्या ६० गुणांच्या तपासणीत ४८ हून कमी गुण पडल्यास हे दौर्बल्य मानतात. हालचाल लवकर सुरू करावी हे खरे. परंतु कृत्रिम श्वसनावरील ७५० रुग्णांच्या २०२२ मधील चाचणीत नेहमीहून अधिक हालचालीने लाभ दिसला नाही, उलट अपाय वाढले. म्हणून व्यायामाची मात्रा दम, नाडी व थकवा पाहून ठरवावी: प्रथम खाटेच्या कडेवर बसणे, मग आधाराने उभे राहणे, नंतर अंगणापर्यंत चालणे. संत्र्याच्या बागेतील कष्टाचे काम सर्वांत शेवटी.